कोल्हापूरच्या नवरात्राला पहिल्यांदा येताय? मग माप आधी द्या

भाद्रपद संपत आला की मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी फोन सुरू होतात. पुण्याची भाची, नाशिकची मैत्रीण, मैत्रिणीच्या ऑफिसातलं कुणीतरी. प्रश्न एकच असतो: "अंबाबाईचं दर्शन, चपला, साज, मिसळ... सगळं एका दिवसात होईल ना?"

एका दिवसात दर्शन होतं. बाकी जे हाती लागतं ते बहुतेक वेळा कोल्हापूरचं नसतंच. गेली कित्येक वर्षं नवरात्रात मी पाहुण्यांना गाव दाखवते, आणि दरवर्षी त्यांना एकच गोष्ट सांगते. इथल्या कारागिराला चार दिवस द्या. आल्या दिवशी चपलेचं माप द्या, जायच्या आदल्या दिवशी वस्तू घ्या, मधले दिवस सण बघा. हे जमलं की बाकीचं आपोआप जुळतं.

आधी तारीख ठरवा

सगळ्यात उत्तम म्हणजे ललिता पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचायचं आणि दसरा करून निघायचं. पंचमी, अष्टमी आणि दसरा हे तीन मोठे दिवस त्यात येतात, आणि चपलेला लागणारा वेळही मिळतो. एवढी रजा नसेल तर अष्टमी ते दसरा असे तीन दिवस या, पण मग चपलेचं माप घरूनच पाठवावं लागेल. ते कसं, ते पुढे सांगते.

गर्दी सोसत नसेल तर नोव्हेंबरात या. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी त्याच्या वर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात. आभाळ स्वच्छ असलं तरच, हे मात्र मनाशी धरून या. हाच योग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा येतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेचा घाट पणत्यांनी उजळलेला असतो, आणि त्याच सुमारास गुऱ्हाळं पेटलेली असतात. काहिलीतला उकळता रस, भेंडीच्या रसाने वर येणारी मळी आणि चुलवाणापाशी उभा राहून नुसत्या नजरेने पाक ओळखणारा गुळव्या हे नवरात्रात फारसं बघायला मिळत नाही, कारण हंगाम तेव्हा नुकता कुठे सुरू होत असतो.

चैत्रात जोतिबाची यात्रा असते, गुलाल आणि सासनकाठ्यांची. आषाढात त्र्यंबोलीला नदीचं नवं पाणी वाहतात, तेव्हा गल्लीगल्लीतून वाद्यांचं "पी ढबाक्" वाजत जातं. बेंदराला कुंभार गल्लीत मातीचे बैल मांडलेले असतात. प्रत्येकासाठी वेगळं येणं व्हायला हवं. पहिल्या खेपेला नवरात्रच धरा.

घरून निघण्याआधी पाऊल काढा

पाहुणे हे टाळतात आणि मग हळहळतात. एक कोरा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा, आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ ओढायला सांगा. बसून पाऊल काढलं तर माप लहान येतं. दोन्ही पावलं काढा, कारण बहुतेकांची एकसारखी नसतात. संध्याकाळी काढा, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असतात, आणि चप्पल त्याच पायांना घालायची असते. पायाचा अंगठा जिथे सुटतो तिथे खूण करा. खाली रोजच्या चपलेचा नंबर लिहा.

हा कागद बरोबर आणा. मुक्काम तीनच दिवसांचा असेल तर कोल्हापुरातल्या ओळखीच्या माणसाकडे पंधरा दिवस आधी टपालाने पाठवा. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवरून माप चुकतं; कागदच लागतो.

पोचणं आणि राहणं

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला सोडते. पुण्याहून एसटी बऱ्या. स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांच्या जवळच आहेत. नवरात्रात देवळाजवळची खोली शोधू नका. महाद्वार रोड, भवानी मंडप, बिंदू चौक या भागात गाड्यांना वाट नसते, सामान ओढत चालावं लागतं. स्टँडच्या किंवा शाहूपुरीच्या बाजूला राहा, आणि तिथून देवळाकडे रिक्षा, केएमटी (शहर बस) किंवा पायी.

पहिला दिवस चपलेचा

इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक चपलेतच होते.

माझ्या बहिणीच्या सुनेने लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत एका दुकानातून घाईघाईत सुंदर दिसणारा जोड घेतला. कडा चकचकीत, वर जरीचा गोंडा. पहिल्या पावसात तळाचे पदर सुटले आणि आतून पुठ्ठा निघाला. त्या दिवशी ती किती खट्टू झाली होती, ते आठवून मी आता प्रत्येक पाहुण्याला आधी चप्पल उलटी धरायला शिकवते.

चप्पल हातात घ्या आणि कडेकडून बघा. तळाला चामड्याचे पदर एकावर एक दिसले पाहिजेत, आणि त्यांना जोडणारी शिवण चामड्याच्या वादीची असली पाहिजे. पारंपरिक जोडात खिळा नसतो. नाकाशी धरा. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या चामड्याला एक तुरट वास असतो; रेक्झिनला रबराचा येतो. रंग बघा. अस्सल जोडाचा रंग तेलाने गडद झालेल्या लाकडासारखा असतो आणि सगळीकडे एकसारखा नसतो. पट्टा थोडा वाकवा. चामड्यावर बारीक सुरकुती येते आणि सोडल्यावर मावळते.

जायचं कुठे? शिवाजी चौकाजवळची चप्पल लाईन सगळ्यांना माहीत आहे, प्रकार बघायला तीच बरी. कापशी, कानवाली, पुकारी ही नावं तिथे कानावर पडतील. कानवालीला दोन्ही बाजूंना चामड्याचे कान असतात. कापशीचं नाव कागल तालुक्यातल्या सेनापती कापशीवरून आलंय, आणि चालताना येणाऱ्या करकर आवाजासाठी जुनी माणसं आजही ती मागून घेतात. पण माप द्यायला सुभाषनगर किंवा जवाहरनगरात जा. तिथे घराच्या ओसरीतच काम चालतं.

मागच्या वर्षी भाचीला घेऊन गेले तेव्हा एक आजोबा तळ तासत बसले होते. ओलं केलेलं चामडं दगडावर ठेवून त्यांनी ठोकलं, मग रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, अशी फिरवली की कडेची साल एका लांब फितीत सुटून आली. शेजारी त्यांच्या सूनबाई पट्ट्याची वेणी घालत होत्या. चामड्याच्या दोऱ्याएवढ्या बारीक वाद्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि बोटं इतकी भराभर चाललेली की कुठली वादी कुठून गेली ते भाचीला तीनदा बघूनही कळेना. वेणीचं आणि नक्षीचं काम बहुतेक घरांत बायकाच करतात. जोडाची किंमत त्या वेणीत असते, आणि पाहुणे नेमके तिथेच घासाघीस करतात. करू नका. दोन-तीनशे रुपयांत हाताने शिवलेला चामडी जोड कुणी देत असेल तर तो चामडी नाही, एवढं समजून घ्या.

ऑर्डर देताना चार गोष्टी स्पष्ट बोला: किती पदरी तळ, कान हवेत की नकोत, पट्टा साधा की वेणीचा, आणि रंग नैसर्गिक की लावलेला. थोडे पैसे आगाऊ द्या. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी येतो" असं सांगा, आणि खरंच जा. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यामुळे निपाणी-अथणीकडून आलेला जोड खोटा असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. त्याही बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर आहेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये असलेच सँडल मिरवले, तेही आधी कोल्हापूरचं नाव न घेता, तेव्हा सुभाषनगरातली माणसं आणि सीमेपलीकडची माणसं एकाच सुरात बोलली.

एक सूचना. नवरात्रात गावातली पुष्कळ माणसं नऊ दिवस अनवाणी असतात. तुम्हाला माप देणारा, पैसे घेणारा, कदाचित चप्पल शिवणारा माणूसही अनवाणी असेल. "तुमच्याच पायात चप्पल नाही?" असं हसून विचारू नका. तो त्याचा देवीला दिलेला शब्द आहे.

पंचमीची सकाळ

पहिल्यांदा येणाऱ्याने हा दिवस चुकवू नये. त्र्यंबोली ही अंबाबाईची सखी. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याला तिने मारलं, पण विजयाच्या सोहळ्याला तिला बोलवायचं राहून गेलं, आणि ती रुसून गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. म्हणून दर ललिता पंचमीला अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला त्या टेकडीवर, टेंबलाईला, जाते. पालखी सकाळी देवळातून निघते आणि दुपारपर्यंत टेकडीवर पोचते. तिथे कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो, आणि त्याच्या फोडी मिळवायला एकच झुंबड उडते. तो तुकडा घरात ठेवला की भरभराट होते, ही इथली श्रद्धा.

लहान मुलं आणि वयस्क माणसं बरोबर असतील तर कोहळ्याच्या जागेपासून लांब, पायऱ्यांच्या बाजूला उभे राहा. मला स्वतःला वाटेवरची पालखी जास्त आवडते. दारादारांत पाणी शिंपडून रांगोळ्या घातलेल्या असतात, आणि एरवी रांगेत तास न् तास उभं राहून जिचं दर्शन घ्यायचं, ती देवी आपल्या दारावरून जाते. म्हाताऱ्या बाया खुर्चीत बसून हात जोडतात. वाटेत कुठेही सावली बघून थांबा.

देवळात जाताना

पहाटे जा, नाहीतर रात्री उशिरा. गाभाऱ्याची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते. वेळ कमी असेल तर मुखदर्शन घ्या, मनाला काही कमी पडत नाही. नवरात्रात देवीची रोज वेगळ्या रूपातली पूजा बांधतात, म्हणून एका दिवसाचं दर्शन पुरे असं म्हणू नका, बाहेरच्या पडद्यावर तरी रोजची पूजा बघा. रात्री साडेनऊच्या सुमारास पालखी निघते. तिची फुलांची सजावट रोज नवी असते. निदान एक रात्र त्यासाठी ठेवा, आणि अर्धा तास आधी जाऊन जागा धरा. गर्दी वाढली की घाटी दरवाजाकडून बाहेर पडणं सोपं जातं.

देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघायला विसरू नका. सगळे गाभाऱ्याकडे धावतात आणि काळ्या दगडातल्या वादक-नर्तिकांकडे कुणी बघतच नाही.

गुजरीत साज बघा, घाईने घेऊ नका

महाद्वार रोडला लागूनच गुजरी आहे. नवरात्राआधी देवीचे दागिने काढून स्वच्छ करतात, त्यात साज असतो, पुतळ्यांची माळ असते, बोरमाळ असते. पूजेतल्या देवीच्या गळ्यात जे बघाल, तेच नाव घेऊन गुजरीत विचारा. दुकानदार खूश होऊन समजावून सांगतो.

पूर्ण साजात एकवीस पानं असतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचं. मासा, कासव असे आकार त्यात ओळखू येतात. पानं पत्र्यावर ठसा उठवून करतात, आत लाख भरतात, आणि दोन पानांमध्ये जवासारखे मणी ओवतात. लाख भरलेली असल्याने साज दिसतो त्यापेक्षा सोनं कमी लागतं, म्हणून विकत घेताना सोन्याचं वजन आणि लाखेचं वजन वेगळं लिहून मागा. यात संकोच करू नका, चांगला सराफ स्वतःहून सांगतो.

सोनं परवडत नसेल तर मुलामा दिलेला साजही तिथेच मिळतो. तो घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त ओवलेलं बघा: गाठी घट्ट हव्यात आणि पानं उलटी फिरता कामा नयेत. ठुशी घेताना मानेला लावून बघितल्याशिवाय घेऊ नका, ती गळ्याला चिकटून बसली तरच शोभते.

मधले दोन दिवस

षष्ठी-सप्तमीला गावाबाहेर पडा. हुपरी एसटीने जवळ आहे. अख्खं गाव चांदीवर चालतं. पैंजण, जोडवी, घुंगरू घरोघरी घडतात. एका घरी तार ओढतात, दुसऱ्या घरी कड्या जोडतात, तिसऱ्या घरी चांदी उजळतात. आत जाण्याआधी दारातून विचारा आणि फोटो काढायच्या आधी तर नक्कीच विचारा.

परत आल्यावर टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय बघा. सीपीआर रुग्णालयासमोरची ती जुनी इमारत, बहुतेक पर्यटक बाहेरूनच पुढे जातात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू तिथे आहेत, त्यात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटीशी कांस्यमूर्ती आहे. रोमन साम्राज्यातून निघालेली वस्तू दोन हजार वर्षांपूर्वी या गावात पोचली होती. मी प्रत्येक पाहुण्याला त्या मूर्तीपुढे पाच मिनिटं उभं करते.

खासबाग मैदान भवानी मंडपापासून चालत पाच मिनिटांवर. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं. कुस्ती नसली तरी आखाडा बघा. पहाटे लवकर उठत असाल तर तालमीच्या दारातून लाल मातीतला सरावही दिसेल.

खाण्याचं थोडक्यात: नवरात्रात पुष्कळ घरांत मांसाहार नसतो, तेव्हा तांबडा-पांढरा दसऱ्यानंतरच्या दिवसासाठी ठेवा. मिसळ सकाळी खा, कटाला तिखट कमी सांगितलं तरी घाम येईल. आणि संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी असते, धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात.

अष्टमी आणि दसरा

अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. जागरण असतं, त्यामुळे नवमीचा दिवस मोकळा ठेवा. नवमीला संध्याकाळी चपला आणायला जायचं.

दसऱ्याला दुपारी चारच्या आत दसरा चौकात जागा धरा. चौकाभोवतीच्या वसतिगृहांच्या इमारती बघून घ्या. शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी काढलेली बोर्डिंगं ती, पहिलं १९०१ सालचं. अंबाबाईच्या, तुळजाभवानीच्या आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात. छत्रपती घराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून येतात, आणि ती दिसली की गर्दीतून जी आरोळी उठते ती ऐकण्यासारखी असते. मग लकडकोटातल्या, म्हणजे लाकडी कुंपणात रचलेल्या, आपट्याच्या पानांची पूजा, बंदुकीचे बार, आणि क्षणात सगळं मैदान सोनं लुटायला धावतं. मोबाईल, पर्स, मुलाचा हात, तिन्ही घट्ट धरा. कुंपणाला खेटून उभे राहू नका.

सोनं मिळालं तर पहिलं पान जवळच्या अनोळखी माणसाला द्या. मिळालं नाही तरी तोच तुम्हाला देईल.

जाताना चपलेचं

नवा जोड पहिल्या दिवशी प्रवासात घालू नका, चावतो. चोळायला थोडं खोबरेल किंवा एरंडेल घ्या, पट्ट्यांना आतून-बाहेरून हात फिरवा आणि रात्रभर कागदावर ठेवा. पुढचे आठ दिवस घरातल्या घरात अर्धा-पाऊण तास घाला. तळ हळूहळू तुमच्या पावलाच्या आकाराने दबतो. पाण्यात भिजवू नका, भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा आणि पुन्हा तेल द्या. पावसाळ्यात कापडात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

पावलाचा कागद फेकू नका. त्यावर कारागिराचं नाव आणि फोन लिहून कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी शिवण उसवली तर जोड त्याच्याकडेच आणायचा. आपण शिवलेली चप्पल तो हातात घेताच ओळखतो.